नमुना, जुळणी आणि गट

(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



आजचा विषय नावाने परका वाटला तरी स्वभावाने आपल्या घरचा आहे. संगणकापुढे मजकूर ठेवावा, त्यात अमुक घडणीचा भाग कोठे आहे ते शोधावयास सांगावे, आणि तो सापडल्यावर त्यातील नेमका हवा तेवढाच तुकडा बाजूला काढून घ्यावा, अशी ही क्रिया आहे. घडणीचे जे वर्णन आपण संगणकाला देतो त्यास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी त्यास सोयीसाठी 'नमुना' म्हणेन. नमुन्याप्रमाणे मजकूर सापडला म्हणजे 'जुळणी' झाली. आणि नमुन्यात आपण कंसात घातलेल्या भागाशी मजकुराचा जो तुकडा जुळतो, तो झाला 'गट'. नमुना, जुळणी आणि गट हे तीन शब्द पक्के ध्यानात राहिले, तर पुढील सर्व विवेचन सुगम होईल.

या कल्पनेचा उगम गणितात आहे. अमेरिकेतील गणितज्ञ स्टीव्हन क्लेनी यांनी १९५१ साली तिची मांडणी केली आणि १९५६ साली ती छापून प्रसिद्ध झाली. केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली अशा नमुन्यांनी मजकूर शोधण्याची यांत्रिक रीत प्रसिद्ध केली. आज पायथॉन, जावास्क्रिप्ट इत्यादी बहुतेक संगणकभाषांत ही सोय आहे. परंतु इतिहासात फार न रमता मी आपणास मुंबईत, गिरगाव-परळकडे नेणार आहे. कारण या विषयाचे उत्तम उदाहरण तेथील पत्त्यांत आहे.

परळ आणि लालबाग येथील गिरण्यांत कोकणातून व घाटावरून आलेले हजारो लोक काम करीत. एकेका खोलीत एकाच गावचे अनेकजण राहात. एका खोलीत दोन गणपत असले, तर पत्र कोणत्या गणपतचे हे वडिलांच्या नावावरून आणि आडनावावरून ठरे. खेड्यातून मुंबईस जाणारे पत्र अनेकदा शाळेचे मास्तरच लिहून देत. पुष्कळ गावी तर शाळामास्तर हेच शाखा डाकघराचे पोस्टमास्तरही असत. पत्त्यातील कोणता तुकडा कशासाठी आहे, याचे ज्ञान म्हणूनच आपल्या व्यवसायाला नवे नाही.

जुनी मराठी पुस्तके आपण चाळली असतील. त्यांच्या आरंभीच्या पानांवर 'मौज प्रकाशन गृह, खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४' किंवा 'मॅजेस्टिक बुक स्टॉल, गिरगाव, मुंबई ४' असे पत्ते दिसतात. हा ४ म्हणजे मुंबईतील टपालविभागाचा क्रमांक. गिरगावचा ४, परळ-लालबागचा १२, दादर पूर्वेचा १४. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी साऱ्या देशात सहा आकडी पिन क्रमांक सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. नव्या योजनेत मुंबईचे जुने क्रमांक फेकून दिले गेले नाहीत; ते शेवटच्या तीन आकड्यांत बसविले गेले. गिरगाव ४०० ००४ झाले, परळ ४०० ०१२ आणि दादर पूर्व ४०० ०१४.

हा पिन क्रमांक म्हणजे गटांचे मूर्तिमंत उदाहरण होय. सहा आकडे एकत्र लिहिले जातात, पण ते एकजीव नाहीत. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारे डाकघर सांगतात. वर्गवारी करणारा कारकून प्रथम पहिल्या तिन्हींकडे पाहतो. वाटपाच्या वेळी शेवटच्या तिन्हींना महत्त्व येते. एकाच जुळणीतून निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे गट काढावयाचे, ते असे.

आता हेच संगणकाला कसे सांगावयाचे? नमुन्यात साधे अक्षर स्वतःशीच जुळते. चौकटी कंसात [०-९] असे लिहिले की शून्यापासून नऊपर्यंतचा कोणताही एक आकडा जुळतो. पुढे अधिक चिन्ह घातले की 'एक किंवा अनेक' असा अर्थ होतो. आणि गोल कंस घातला की त्यातील जुळलेला भाग संगणक गट म्हणून वेगळा जपून ठेवतो. जुन्या पत्त्यासाठी आपला नमुना असा होईल :

मुंबई ([०-९]+)

'गिरगाव, मुंबई ४' या मजकुरावर हा नमुना चालविला असता संपूर्ण जुळणी 'मुंबई ४' ही होईल, आणि पहिला गट नुसता '४' हा होईल. येथे नवशिक्याची पहिली चूक होते. त्याला हवा असतो ४. तो मागतो जुळणी. आणि हाती येते 'मुंबई ४'. पायथॉन भाषेत गट मागण्याच्या आज्ञेस 'ग्रूप' असे नाव आहे. 'ग्रूप शून्य' म्हटले की संपूर्ण जुळणी मिळते, 'ग्रूप एक' म्हटले की पहिल्या कंसातील भाग मिळतो, 'ग्रूप दोन' म्हटले की दुसऱ्या कंसातील. काहीच क्रमांक दिला नाही तर शून्य धरला जातो. शून्य म्हणजे सबंध आणि एकापासून पुढे भाग, हे एकदा मनात ठसले की अर्धी अडचण संपते. (प्रत्यक्ष यंत्रावर आज्ञा आणि गटाचे क्रमांक इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत लिहावे लागतात.)

आणखी एक सूचना येथेच देतो. पायथॉनमध्ये शोधण्याच्या आज्ञा एकाहून अधिक आहेत. 'मॅच' ही आज्ञा मजकुराच्या अगदी आरंभीच नमुना जुळतो का ते पाहते. 'सर्च' ही मजकुरात कोठेही शोधते. 'फुलमॅच' सबंध मजकूर नमुन्याबरहुकूम आहे का ते पाहते. 'गिरगाव, मुंबई ४' यावर वरील नमुना 'मॅच'ने चालविला तर जुळणी होणार नाही, कारण मजकुराचा आरंभ गिरगावने होतो, मुंबईने नव्हे. नमुना बिनचूक असूनही आज्ञा चुकीची निवडल्यामुळे हात रिकामा राहतो.

आता नवा पत्ता घेऊ. 'दादर, मुंबई ४०० ०१४' यावर आपला जुना नमुना तसाच चालवून पाहा. जुळणी होते! पण पहिला गट कोणता मिळतो? '४००'. कारण आकड्यांची रांग मोकळ्या जागेपाशी थांबते आणि नमुनाही तेथेच समाधान मानतो. संगणकाने तक्रार केली नाही, काम थांबविले नाही. फक्त दादरच्या डाकघराऐवजी सबंध मुंबईचा क्रमांक आपल्या तक्त्यात भरला. मित्रहो, उत्तर न मिळणे हा लहान दोष आहे; चुकीचे उत्तर बिनतक्रार मिळणे हा मोठा दोष आहे. यास्तव नमुना असा सुधारावा :

मुंबई[- ]([०-९][०-९][०-९]) ?([०-९][०-९][०-९])$

येथे मुंबईपुढे जोडरेघ किंवा मोकळी जागा चालेल. मधल्या मोकळ्या जागेपुढील प्रश्नचिन्हाचा अर्थ 'असेल तर असो, नसेल तर नसो' असा आहे. म्हणून '४०० ०१४' आणि '४०००१४' ही दोन्ही रूपे जुळतात. शेवटचे चिन्ह 'येथे मजकूर संपला पाहिजे' असे सांगते. आता पहिला गट '४००', दुसरा '०१४'. हे गट संख्या नसून अक्षरांचे तुकडे आहेत, हेही ध्यानात घ्यावे. '०१४' ची संख्या केली की १४ होते आणि दादरचा जुना क्रमांक परत हाती येतो. परंतु पिन म्हणून लिहिताना आरंभीचे शून्य टाकून चालणार नाही.

याहून फसवा प्रसंग पाहा. समजा, जुना पत्ता 'खोली क्र. १२, लालबाग, मुंबई १२' असा आहे, आणि कोणी उतावीळपणे नुसता ([०-९]+) हा नमुना 'सर्च'ने चालविला. उत्तर येईल १२. लालबागचा क्रमांक १२च आहे, तेव्हा गृहस्थ खूष होतील. पण त्यांना मिळालेला १२ हा खोलीचा आहे! शेजारच्या खोलीचा पत्ता दिला की उत्तर १३ येईल आणि बिंग फुटेल. गणिताच्या तासाला उत्तर बरोबर आणि रीत चूक असलेली पाटी आपण नित्य पाहतो. अशा पाटीला आपण गुण देत नाही. संगणकालाही देऊ नयेत. नमुना तपासण्यासाठी एकच उदाहरण घेतले तर ते आपल्याला कधीतरी असेच फसविणार. निदान पाच-सात घ्यावीत आणि त्यांत एखादे मुद्दाम वाकडे असावे.

नमुन्याचा लोभीपणाही समजून घेतला पाहिजे. टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, आणि (.+) म्हणजे कोणत्याही चिन्हांची रांग. 'खोली क्र. १२, दुसरा मजला, लालबाग, मुंबई ४०० ०१२' या पत्त्यावर (.+), (.+) असा नमुना चालविला तर पहिला गट केवळ 'खोली क्र. १२' एवढाच येईल अशी आपली अपेक्षा असते. पण तो येतो 'खोली क्र. १२, दुसरा मजला, लालबाग' असा. रांग शक्य तेवढी लांब धरणे हा त्याचा स्वभाव आहे. शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत तो सारे गिळतो. अधिक चिन्हापुढे प्रश्नचिन्ह घातले की तो संयमी होतो व पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो. त्याहून सरळ मार्ग म्हणजे ([^,]+) असे लिहिणे, अर्थात 'स्वल्पविराम सोडून काहीही'. काय नको ते स्पष्ट सांगितले की घोटाळा कमी होतो.

पत्त्यांकडून आता मी नावांकडे वळतो. कारण तेथे आपली जबाबदारी अधिक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील नोंदीचा क्रमांक १९१४ आणि नाव भिवा रामजी आंबेडकर. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१२ ते १९३४ या काळात त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीत होते आणि नंतर दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' येथे. महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका रजिस्टरातील एका ओळीवरून एक दिवस साजरा होतो, यावरून शिक्षकाच्या हातच्या नोंदीचे मोल कळावे. 

त्या नावासाठी साधा नमुना असा लिहिता येईल :

([^ ]+) ([^ ]+) ([^ ]+)

मोकळी जागा सोडून चिन्हांच्या तीन रांगा, आणि त्यांच्यामध्ये एकेक मोकळी जागा. पहिला गट भिवा, दुसरा रामजी, तिसरा आंबेडकर. म्हणजे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आतापर्यंत सर्व ठीक आहे.

परंतु २०२४ साली महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव घेण्याचा निर्णय केला आणि क्रम ठरविला तो असा : मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. निर्णय स्वागतार्ह आहे. आईचे नाव नोंदीत येण्यास फार वर्षे लागली. मात्र जुन्या तीन गटांच्या नमुन्यावर याचा परिणाम काय होतो ते पाहू. बाबासाहेबांच्या मातोश्रींचे नाव भीमाबाई. आजच्या क्रमाने ते नाव 'भिवा भीमाबाई रामजी आंबेडकर' असे होईल. त्यावर वरील नमुना 'सर्च'ने चालविला तर पहिला गट भिवा, दुसरा भीमाबाई, तिसरा रामजी. तक्त्यात वडिलांच्या रकान्यात आईचे नाव पडले, आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव पडले, आणि आडनाव नाहीसे झाले. यंत्राने चकार शब्द काढला नाही.

ही चूक कोणाला भोवते? यंत्राला नव्हे, तक्ता करणाऱ्यालाही क्वचितच. ती भोवते त्या मुलाला. पुढे दाखला काढताना, शिष्यवृत्तीचा अर्ज करताना किंवा परीक्षेचे आवेदनपत्र भरताना एका कागदावर एक आडनाव आणि दुसऱ्यावर दुसरे असे निघते. मग त्या मुलाच्या आईबापांनी दिवसाची मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवावयाच्या. एका कंसाच्या चुकीची एवढी किंमत आहे, म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटले.

उपाय आहे. प्रथम नमुन्याचे दोन्ही टोकांस बंध बांधावे. आरंभीचे चिन्ह 'येथूनच सुरुवात' असे सांगते आणि शेवटचे 'येथेच समाप्ती' असे. मग तीन गटांचा नमुना चार शब्दांच्या नावाशी जुळणारच नाही. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा त्याने नकार द्यावा, हे बरे. त्यानंतर आईचे नाव असल्यास घ्यावे, नसल्यास सोडावे असा नमुना करावा :

^([^ ]+) (?:([^ ]+) )?([^ ]+) ([^ ]+)$

यातील प्रश्नचिन्ह व विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारा कंस हा केवळ बांधणीचा कंस आहे. तो गट म्हणून मोजला जात नाही. त्याच्या पोटातील कंस मात्र मोजला जातो. गटांचे क्रमांक उघडणाऱ्या कंसांच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे पडतात, हा नियम येथे लागू होतो. चार शब्दांच्या नावात पहिला गट भिवा, दुसरा भीमाबाई, तिसरा रामजी, चौथा आंबेडकर. तीन शब्दांच्या नावात पहिला भिवा, तिसरा रामजी, चौथा आंबेडकर, आणि दुसरा गट जुळणीत आलाच नाही.

आता 'आलाच नाही' याचा अर्थ नीट केला पाहिजे, कारण येथे तीन निरनिराळ्या अवस्थांची गल्लत होते. आपल्या वर्गातील दाखला देतो. एका मुलाचे नाव पटावरच नाही. दुसऱ्याचे पटावर आहे पण तो आज गैरहजर आहे. तिसरा हजर आहे पण त्याची पाटी कोरी आहे. तिघांकडूनही उत्तर मिळाले नाही, तरी तिघांची गोष्ट एक नव्हे. 'साने गुरुजी' हे दोन शब्द वरील नमुन्याला दिले तर जुळणीच होत नाही. हा पटावर नसलेला मुलगा. 'पांडुरंग सदाशिव साने' दिले तर जुळणी होते पण आईच्या नावाचा गट रिकामा राहतो. हा गैरहजर मुलगा. आणि एखाद्या नमुन्यात गट शून्य अक्षरांशी जुळू शकत असेल व तसा जुळला, तर कोरी पाटी. पायथॉन पहिल्या दोन्ही प्रसंगी 'नन' म्हणजे 'काही नाही' असे उत्तर देतो. पण पहिल्यात ते उत्तर जुळणीच्या जागी येते व दुसऱ्यात गटाच्या जागी. जुळणीच झाली नसताना तिच्याकडे गट मागितला तर कार्यक्रम तेथेच मोडून पडतो. म्हणून आधी हजेरी, मग प्रश्न : प्रथम जुळणी झाली का ते विचारावे, आणि मगच गट मागावा.

नमुन्यात एक कंस वाढला की पुढील सर्व गटांचे क्रमांक एकाने सरकतात. आईच्या नावाचा गट आल्यावर वडील दोनचे तीन झाले आणि आडनाव तीनचे चार झाले, हे आपण पाहिलेच. हा धोका टाळण्यासाठी गटांना क्रमांकाऐवजी नावे देण्याची सोय आहे. कंसाच्या आरंभी गटाचे नाव लिहावे आणि पुढे 'आडनाव गट दे' असेच म्हणावे. मग तो कितवा आहे याची पर्वा राहात नाही. वर्गात मुलांना आपण हजेरी क्रमांकाने हाक मारू शकतो, पण नवा मुलगा दाखल झाला की क्रमांक बदलतात. नाव बदलत नाही.

आणखी एक खोच. तारखेसाठी कोणी एकच कंस पुनःपुन्हा वापरतो : (?:([०-९]+)-?)+ असा नमुना '७-११-१९००' यावर चालविला तर त्याला वाटते, तीन गट मिळतील. मिळतो एकच, आणि तोही शेवटचा, '१९००'. एकाच पाटीवर तीन उत्तरे एकावर एक लिहिली तर शेवटचेच वाचता येते, तसे हे आहे. तीन तुकडे हवेत तर तीन कंस घालावेत : ([०-९]+)-([०-९]+)-([०-९]+). मग दिवस, महिना व वर्ष वेगळे हाती येतात आणि त्यांचा क्रम उलटा करून वर्ष-महिना-दिवस असे मांडणेही सोपे होते.

आता खास मराठीचा प्रश्न. परदेशी पुस्तकांत शब्द शोधण्यासाठी 'शब्दातील कोणतेही अक्षर' अशा अर्थाची एक संक्षिप्त खूण सुचविलेली असते. उलटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढे डब्ल्यू. पायथॉनच्या नेहमीच्या सोयीत ही खूण आपली व्यंजने व स्वर ओळखते, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानीत नाही. परिणामी 'गिरगाव' या शब्दाचे 'ग', 'रग' आणि 'व' असे तुकडे होतात. 'लालबाग' चे 'ल', 'लब', 'ग'. 'मुंबई' चे 'म' आणि 'बई'. गंमत अशी की 'परळ' मात्र अखंड राहते, कारण त्यात एकही काना-मात्रा नाही. ज्याने केवळ परळवर परीक्षा घेतली, त्याला हा दोष कधीच दिसणार नाही. यासाठीच मी वर ([^ ]+) म्हणजे 'मोकळी जागा सोडून काहीही' अशी रीत वापरली. तीत आपल्या मात्रा सुरक्षित राहतात.

आकड्यांचीही तशीच गोष्ट. [०-९] हा नमुना देवनागरी आकडेच ओळखतो. तक्ता इंग्रजी आकड्यांत भरलेला असेल तर तो जुळणार नाही. आकड्यांची जी संक्षिप्त खूण आहे ती पायथॉनमध्ये दोन्ही लिप्यांचे आकडे ओळखते, जावास्क्रिप्टमध्ये मात्र केवळ इंग्रजी. एका भाषेत तावून सुलाखून घेतलेला नमुना दुसरीत नेताना म्हणूनच पुन्हा तपासावा.

एवढे सारे सांगितल्यावर मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. नमुना घडण ओळखतो, अर्थ ओळखत नाही. चार शब्दांतील दुसरा शब्द आईचे नाव आहे, हे तो जाणत नाही. ते आपण ठरविले आहे. शालान्त परीक्षेच्या कागदांवर आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे. तेथे हाच नमुना आडनावाला मुलाचे नाव समजेल. पिनमध्येही तसेच. साताऱ्याचा पिन ४१५ ००१ आणि रत्नागिरीचा ४१५ ६१२. पहिला गट दोन्हींत ४१५च. तेवढ्यावरून महसुली जिल्हा सांगू जाल तर फसाल. गट बिनचूक निघाला तरी त्याचा अर्थ लावण्याचे काम माणसाचेच राहते. शंका आली तर यंत्राला नव्हे, मुलाच्या पालकांना विचारावे.

शेवटी वर्गासाठी एक सोपा पाठ सुचवितो. त्यास संगणक लागत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना आपला पत्ता पाटीवर लिहावयास सांगावा. ज्यांचे नातेवाईक मुंबईस आहेत त्यांनी त्यांचा पत्ता लिहावा. मग प्रत्येकाने तीन कंस घालावे : गाव किंवा पेठ, शहर, आणि पिनचे शेवटचे तीन आकडे. शिक्षकांनी विचारावे, 'शून्य म्हणजे काय?' मुलांनी सबंध पत्ता वाचावा. 'दुसरा गट?' मुलांनी शहर सांगावे. नंतर एक पत्ता पिनशिवाय द्यावा आणि विचारावे, 'तिसरा गट काय?' जो मुलगा मनाने काहीतरी न ठोकता 'तो येथे नाही, गुरुजी' असे म्हणेल, त्याला या विषयातील सर्वांत कठीण गोष्ट समजली असे खुशाल मानावे.

बंधुभगिनींनो, उद्या आपण रजिस्टर उघडाल किंवा यंत्रावर नावे भराल, तेव्हा एवढेच करावे. रकाने भरून झाल्यावर पहिल्या ओळीवर समाधान मानू नये. मधली एक ओळ पाहावी, शेवटची पाहावी, आणि ज्या मुलाचे नाव इतरांहून वेगळ्या घडणीचे आहे त्याची ओळ तर अवश्य पाहावी. नमुना चुकतो तो बहुधा त्याच मुलाच्या बाबतीत, आणि त्याच्या वतीने तक्रार करणारा तेथे आपल्यावाचून दुसरा कोणी नसतो.